वारे जाण्यापूर्वी

पक्षाघाताला मराठीत 'अंगावरून वारे जाणे' म्हणतात. वारे केव्हा आणि कोठून येईल हे कोणालाच ठाऊक नसते, असा त्यातील भाव. अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांच्या आजाराची हकीकत वाचताना मात्र हा भाव आम्हांला अपुरा वाटू लागला. तेथे वाऱ्याने आधी अनेकदा दार वाजवले होते.

१८९६ साली, प्रिन्स्टन येथे प्राध्यापक असताना, विल्सन यांच्या उजव्या हातातील बळ गेले. अति लेखनाचे दुखणे म्हणून ते सोडून देण्यात आले, आणि ते डाव्या हाताने लिहू लागले. १९०६ मध्ये एके सकाळी डाव्या डोळ्याने दिसेनासे झाले. ती दृष्टी पुढे पूर्णपणे परतली नाही. विश्रांतीनंतर ते पुन्हा कामाला जुंपले. या घटना पक्षाघाताच्याच होत्या काय, यावर वैद्यांत आजही मतभेद आहेत.

सप्टेंबर १९१९ विषयी मात्र फारशी शंका उरत नाही. राष्ट्रसंघासाठी लोकमत वळवावे म्हणून विल्सन आगगाडीने देशभर भाषणे देत फिरत होते. २५ तारखेला पुएब्लो येथील भाषणानंतर रात्री असह्य डोकेदुखी उसळली. सकाळी चेहऱ्याची डावी बाजू ओघळलेली होती, शब्द अडखळत होते. तरीही दौरा थांबवण्यास ते राजी नव्हते. विरोधक आपल्याला पळपुटा म्हणतील, ही चिंता त्यांना होती, असे त्यांचे सचिव टुमल्टी यांनी लिहून ठेवले आहे. अखेर गाडी वॉशिंग्टनकडे वळली. २ ऑक्टोबरला शरीराची डावी बाजू लुळी पडली.

जनतेला थकव्याचे कारण सांगण्यात आले. अध्यक्षांपर्यंत कोणते कागद जावेत, हे पत्नी एडिथ ठरवू लागल्या. तडजोडीस विल्सन यांनी नकार दिला आणि १९ नोव्हेंबरला सिनेटने व्हर्सायचा तह फेटाळला. त्या हट्टात आजाराचा वाटा किती, हे सांगणे कठीण. अध्यक्ष असमर्थ झाल्यास काय करावे, याची स्पष्ट घटनात्मक तरतूद अमेरिकेत १९६७ साली झाली.

विल्सन यांना दोष देणे आम्हांला अन्यायाचे वाटते. लक्षणे ओळखली असती, तरी १९१९ च्या वैद्यकापाशी विश्रांतीखेरीज देण्याजोगे फारसे नव्हते. आपली गोष्ट वेगळी आहे. रक्ताची गुठळी विरघळवणाऱ्या औषधाला १९९६ साली अमेरिकेत या आजारासाठी मान्यता मिळाली. मात्र ते साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते, आणि तेही मेंदूत रक्तस्राव नाही याची तपासणी करून.

म्हणून तोंड एका बाजूस वाकडे झाले, हात उचलता येईना, बोलणे अडखळले, दृष्टी अचानक गेली वा तोल सुटला, तर 'निजल्यावर बरे वाटेल' असे म्हणू नये. लक्षणे पाच मिनिटांत ओसरली, तरीही नाही. तीच पुढच्या आघाताची सूचना असू शकते. लक्षण कधी सुरू झाले ती वेळ लक्षात ठेवावी, १०८ ला फोन करावा आणि मेंदूच्या स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठावे. विल्सन यांच्या दारावरची थाप ऐकूनही त्या काळी करण्यासारखे थोडे होते. आपल्यापाशी ती सबब उरलेली नाही.