पेटी उलटी करा

झाकणावरचं चित्र नंतर पाहू. सिगारच्या पेटीचं वय तिच्या बुडाशी लिहिलेलं असतं, म्हणून आधी ती उलटी करा. वारशात तुमच्याकडे येईपर्यंत घरच्यांनी तिच्यात बटणं ठेवली, पावत्या ठेवल्या. त्या पावत्यांवरच्या तारखा पेटीच्या नव्हेत. नाव ‘मॉन्तेक्रिस्तो’, वर तलवारींचा त्रिकोण. साल कुठेच नाही. बूड तासलेलं किंवा रंगवलेलं नाही ना, एवढं बोटानं चाचपा आणि निघा.

हवाना, १९९४. ‘हाबानोस’ ही कंपनी सुरू झाली आहे आणि तिचं नाव पेट्यांच्या बुडावर डागलं जातंय. तुमच्या पेटीवर ते नाही, मागे सरका. १९८९: ‘तोतालमेंते आ मानो’, म्हणजे पूर्णपणे हातानं वळलेली, हे शब्द नुकतेच आलेत. तेही तुमच्याकडे नाहीत. १९८५: कारखाना आणि महिना सांगणारी सांकेतिक अक्षरं मारायला लागलेत. तुमच्या पेटीवर तीही नाहीत. जे नाही, तेच तुम्हाला मागे ढकलत नेतंय.

१९६१ च्या सुमाराला मात्र थांबा. इथल्या पेट्यांवर स्पॅनिशमध्ये ‘एचो एन कूबा’ असा ठसा पडतोय. तुमच्या लाकडात इंग्रजी ‘मेड इन हवाना-क्यूबा’ आहे. आदल्या वर्षी, १५ सप्टेंबर १९६० ला, क्रांतीच्या सरकारनं सिगारचे कारखाने ताब्यात घेतले. तुमची पेटी त्या उलथापालथीच्या अलीकडे येत नाही.

आता दुसरं टोक. कडेला हिरवट सरकारी हमीपट्टीचा तुकडा चिकटलाय. या पट्टीचा कायदा १९१२ चा, म्हणून पेटीही १९१२ ची, असं छातीठोकपणे सांगणारे भेटतील. ऐकू नका. मॉन्तेक्रिस्तो हे नावच १९३५ मध्ये आलं, अलोन्सो मेनेंदेस यांनी आणलं. १९३५ ते १९६०: पेटी या पंचवीस वर्षांतली. यातली एखादी सकाळ निवडा आणि कारखान्यात शिरा.

तंबाखूचा ओलसर, गोडूस वास घशापर्यंत येतो. बाकांच्या रांगांवर माणसं पानं वळताहेत: आत भरणाची पानं, त्यांना बांधणारं एक पान, आणि सर्वांत वर नितळ, लवचीक वेष्टणाचं पान. हातात ‘चावेता’, मूठ नसलेलं चंद्रकोरीसारखं पातं. उंच चौथऱ्यावर बसून एक माणूस खड्या आवाजात वाचतोय. आधी वर्तमानपत्र, मग कादंबरी. हवानातल्या ‘एल फिगारो’ कारखान्यात १८६५ मध्ये सुरू झालेली ही प्रथा. वाचकाचा पगार कामगार आपल्या खिशातून देतात. उतारा आवडला की टाळ्या वाजत नाहीत, चावेते फळीवर खणखणतात. मॉन्तेक्रिस्तो हे नाव अशाच वाचनात रंगलेल्या ड्यूमाच्या कादंबरीवरून पडलं, असं सांगतात. मला ते पटतं. दिवसभर बोटं एकच काम करत असताना सुडाची एवढी लांबलचक गोष्ट कानांना केवढा आधार देत असेल!

पुढच्या खोलीत रंग निवडणारा बसलाय. सिगारींच्या छटांमधला तुम्हाला न दिसणारा फरक त्याला दिसतो. गडद डावीकडे, फिकट उजवीकडे, अशा पंचवीस सिगारी तो तुमच्याच पेटीत लावतो. तिचं लाकूड आपल्याकडच्या तुणीच्या कुळातलं, स्वतःचा सुगंध असलेलं. झाकण बसतं, बारीक खिळा ठोकला जातो, हिरवी पट्टी चिकटते.

परत या, पण पेटी इतक्यात खाली ठेवू नका. ती अमेरिकेत विकली गेली असेल, तर तिथल्या करपट्टीचा तुकडाही एखाद्या कडेला असेल. तो भिजवून सोडवू नका, जागच्या जागी भिंगातून वाचा. तीन आकडी मालिका क्रमांक दिसला, तर त्यात १८३० मिळवा. १२० असेल, तर पट्टी १९५० ची. त्याआधी ही पेटी दुकानात गेलेली नाही. पंचवीस वर्षांची दहा झाली.