भांगेचे नर-मादी : एक शब्द व एक प्रयोग

इंग्लंडात वाखासाठी पेरलेल्या भांगेतील लवकर उपटावयाच्या सडपातळ झाडांस ‘फिंबल’ म्हणजे मादी, व बी धरणाऱ्या थोराड झाडांस ‘कार्ल’ म्हणजे पुरुष म्हणत. वस्तुस्थिती नेमकी उलट होती. बांध्यावरून लिंग ठरविण्याची ही चूक शब्दांत टिकून राहिली. १६९४ साली ट्यूबिंगेनच्या कामेरारिउसने वनस्पतींतील लिंगभेद प्रयोगाने दाखविला. तथापि नरझाडांपासून वेगळ्या ठेवलेल्या त्याच्या भांगेवर बी धरलेच, आणि ही विसंगती त्याने लपविली नाही. मादी झाडावर क्वचित नरफुलेही येतात, हे तिचे संभाव्य कारण होय. बीजोत्पादक आज अशी झाडे वेळीच उपटून टाकतात. तेव्हा ‘नर’ व ‘मादी’ ही नावे योजताना त्यांची मर्यादा ध्यानात ठेवणे इष्ट.