कातडी आणायची कोठून? पुण्यातील एका बैलहाक्यापासून प्रयोगशाळेतील पेशींपर्यंत (धागा)

ऑक्टोबर १७९४. लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये पुण्याजवळच्या एका शस्त्रक्रियेचे वर्णन छापून आले. रुग्ण होता इंग्रज फौजेबरोबरचा एक बैलहाक्या. कापलेल्या नाकाच्या जागी त्याच्याच कपाळाच्या कातडीचे नवे नाक बसवले गेले होते. आज प्रयोगशाळेत पेशी वाढवून जखमा झाकल्या जातात. त्या उपचारापुढचा मूळ प्रश्न या बैलहाक्याच्या कपाळावरही होताच: जखम झाकायला जिवंत कातडी आणायची कोठून?

पार्श्वभूमी तिसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धाची. १७९० ते १७९२ या काळात मराठे, निजाम आणि इंग्रज हे टिपू सुलतानाविरुद्ध एकत्र लढत होते. हा बैलहाक्या टिपूच्या लोकांच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. मासिकाने त्याचे नाव ‘कावसजी’ असे दिले आहे. नाव पारशी वाटते, परंतु त्याच मजकुरात तो शेतकरी जातीचा मराठा असल्याचे म्हटले आहे. इंग्रजी कानांनी ऐकलेल्या नावांवर फार विसंबू नये, याचे हे चांगले उदाहरण.

वर्षभराहून अधिक काळ तो नाकाविना राहिला. त्यानंतर पुण्याजवळच्या, विटा भाजणाऱ्या जातीतील एका माणसाने त्याचे नाक घडवले. मुंबई इलाख्यातील थॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या वैद्यकांनी अशी शस्त्रक्रिया प्रत्यक्ष पाहिल्याचे मासिक सांगते. जेम्स वेल्स या चित्रकाराने कावसजीचे चित्र काढले. रुग्णाचे नाव टिकले, पाहणाऱ्यांची टिकली, चित्रकाराचेही टिकले. ज्याच्या हातात शस्त्र होते त्याचे नाव मात्र मासिकाने छापले नाही. छापली ती केवळ जात.

कृती अशी. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या खुंटावर बसवून नाकाचा आकार घ्यायचा. तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि त्याभोवती रेघ आखायची. त्या रेघेवरून कातडी सोडवायची, पण दोन्ही डोळ्यांच्या मध्ये तिचा एक चिंचोळा देठ तसाच राखायचा. मग तो तुकडा खाली वळवून खुंटाच्या कडेला पाडलेल्या चिरेत बसवायचा. वर पाण्यात कालवलेला काथ लावलेल्या कापडाच्या पाच-सहा पट्ट्या. चार दिवस दुसरे काही नाही. नंतर तुपात भिजवलेले कापड. पाच-सहा दिवस रुग्णाने उताणे पडून राहायचे. दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे. सुमारे पंचविसाव्या दिवशी देठ कापायचा.

सारे मर्म त्या देठात आहे. नव्या जागी रुजेपर्यंत कातडीला जुन्या जागेचे रक्त मिळत राहते, म्हणून ती मरत नाही. लंडनच्या जोसेफ कार्प्यूने ही कृती १८१४ मध्ये करून पाहिली आणि १८१६ मध्ये त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. युरोपात तिचा प्रसार झाला तो येथून.

या टप्प्यावर ‘हे सारे सुश्रुताचेच’ असे म्हणण्याचा मोह अनेकांना होतो. सुश्रुतसंहितेत नाक घडवण्याची कृती आहे, हे खरेच. पण तेथे माप झाडाच्या पानाने घेतले जाते आणि कातडी गालाची घेतली जाते. पुण्यात मेण आणि कपाळ आहे. मधल्या शतकांत कारागिरांच्या हातांनी काय बदलले, हे ‘सुश्रुतापासून थेट’ या दोन शब्दांत बसत नाही. विटा भाजणाऱ्या त्या माणसाचे श्रेय त्याच्याकडेच राहू द्यावे.

परंतु कपाळाची कातडी नाकापुरती पुरते. अर्धे अंग भाजलेल्या माणसाचे काय?

१८६९ मध्ये पॅरिसला जाक-लुई रेव्हेर्दँ याने कातडीचे बारीक तुकडे पूर्ण सुटे करून जखमेवर ठेवले आणि ते रुजले. देठाची गरज संपली. मर्यादा उरली ती साठ्याची. दुसऱ्याची कातडी घ्यावी तर दुसऱ्या महायुद्धात पीटर मेडावर आणि टॉम गिब्सन यांनी ग्लासगो येथे भाजलेल्या रुग्णाचा अभ्यास करून दाखवले की शरीर परकी कातडी ओळखते आणि टाकून देते. दुसऱ्यांदा लावली तर अधिक लवकर टाकते. म्हणजे कायमची लावायची ती स्वतःचीच हवी, आणि स्वतःची तर जळून गेलेली.

ही कोंडी फुटली १९७५ मध्ये. अमेरिकेतील हॉवर्ड ग्रीन आणि जेम्स राइनवाल्ड हे उंदराच्या एका गाठीचा अभ्यास करत असताना त्यांच्या बशीत त्वचेसारख्या पेशींचे पुंजके वाढू लागले. त्यांतून एक गोष्ट ध्यानात आली: बाह्यत्वचेच्या पेशी एकट्या नीट वाढत नाहीत, त्यांना सोबत लागते. किरणोत्साराने वाढ थांबवलेल्या उंदराच्या पेशींचा थर खाली घातला की मानवी त्वचेच्या पेशी वर भराभर वाढतात. टपाल तिकिटाएवढ्या कातडीपासून तीन-चार आठवड्यांत तिच्या हजारो पट क्षेत्रफळाचा पापुद्रा मिळू लागला.

१९८३ मध्ये अमेरिकेत पाच व सहा वर्षांचे दोन भाऊ भयंकर भाजले. शरीराचा ९५ टक्क्यांहून अधिक भाग जळालेला. त्यांच्याच उरलेल्या कातडीतून वाढवलेल्या पापुद्र्यांनी प्रत्येकाच्या अंगाचा जवळजवळ अर्धा भाग झाकला गेला आणि दोघेही वाचले. १९८४ मध्ये याचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला.

याच दशकात हे शास्त्र पुण्यातही आले. १९८६ मध्ये पेशीसंवर्धनाची एक राष्ट्रीय सुविधा पुण्यात स्थापन झाली; आज ती राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र म्हणून गणेशखिंडीच्या विद्यापीठ परिसरात आहे. भाजलेल्या आणि कोड असलेल्या रुग्णांसाठी त्वचापेशी वाढवण्याचे काम या संस्थेने हाती घेतले. कावसजीच्या काळी इंग्रजांची रेसिडेन्सी मुळा-मुठेच्या संगमावर होती. तेथून गणेशखिंड काही किलोमीटरांवर आहे.

मात्र प्रयोगशाळेतील कातडीला ‘कातडी’ म्हणणे थोडे उदारपणाचे आहे. तो केवळ बाह्यत्वचेचा, काही पेशींच्या जाडीचा, ओल्या कागदासारखा पापुद्रा असतो. त्यात घामाच्या ग्रंथी नाहीत, केसांची मुळे नाहीत, खालची जाड अंतस्त्वचा नाही. त्यामुळे लावल्यावर कित्येक महिने तो सहज फोडांनी भरतो किंवा सुटतो. शिवाय खर्च मोठा. आणि सर्वांत मोठी अडचण वेळेची: पापुद्रा तयार व्हायला तीन आठवडे लागतात, तर उघड्या जखमेतील जंतुसंसर्ग तेवढा थांबत नाही.

म्हणूनच मुंबईतील दोन कामे या इतिहासात प्रयोगशाळेच्या शेजारी ठेवायला हवीत. १९८० च्या दशकात डॉ. मनोहर केसवानी यांनी उकडलेल्या बटाट्याच्या साली गॉझवर बसवून भाजलेल्या जखमांवर लावल्या. पुढे शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाच्या पट्ट्या वापरल्या. दोन्ही आवरणे जखमेला चिकटत नाहीत, ओल टिकवतात, पट्टी बदलताना रुग्णाला होणारी वेदना कमी करतात. आणि बाजारात सहज मिळतात. हे कौतुकाचे किस्से नव्हेत. दोन्हींचा अभ्यास भाजण्याच्या जखमांना वाहिलेल्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला आहे.

त्याच शीव रुग्णालयात डॉ. गोरे यांच्या पुढाकाराने २००० मध्ये देशातील पहिली त्वचापेढी उभी राहिली. मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत दात्याची त्वचा पातळ थरांत काढली जाते. रक्तगट जुळवावा लागत नाही. मेडावरने सांगितल्याप्रमाणे ही कातडी शेवटी गळतेच, पण ती काही आठवडे जखम झाकते, आणि नेमके तेवढेच आठवडे रुग्णाला हवे असतात.

बुलढाणा जिल्ह्यातून पाहिले तर हा फरक अधिक ठळक होतो. मेहकर किंवा लोणारजवळ कोणी गंभीर भाजले तर मोठ्या उपचारासाठी अकोला किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते. मुंबई चारशे किलोमीटरांहून दूर. प्रयोगशाळेतून निघालेला पेशींचा ताजा पापुद्रा सुमारे एका दिवसाच्या आत लावावा लागतो. त्वचापेढीतील कातडी ८५ टक्के ग्लिसरॉलमध्ये, शीतकपाटाच्या साध्या थंडाव्यात, पाच वर्षांपर्यंत टिकते, आणि थंड पेटीत ठेवून ती मेहकरपर्यंतही नेता येते.