चित्रफितींचा वारसा आणि त्याचे जतन

दि. 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. सुमारे 3,700 फूट लांबीच्या या मूकपटापैकी आज जेमतेम 1,475 फूट फीत शिल्लक आहे. तीही 1917 च्या पुनर्निर्मितीतील असावी, असे काही अभ्यासकांचे मत आहे. ज्या चित्रपटापासून भारतीय चित्रसृष्टीचा इतिहास मोजला जातो त्याची ही गत, तर इतरांची कथा काय वर्णावी?

नाशाचे बीज फितीतच होते. 1950 च्या आसपासपर्यंत बहुतेक चित्रपट सेल्युलोज नायट्रेटच्या फितीवर निघत. ही फीत एकदा पेटली की पाण्यानेही विझत नाही. न पेटली तरी उष्ण, दमट हवेत चिकट होऊन अखेरीस तिची भुकटी होते. त्यात व्यवहाराची भर पडली. फितीवरील लेपात चांदी असते, म्हणून खेळ संपलेली कित्येक रिळे ती काढून घेण्यासाठी विकली गेली. निर्मात्याच्या खतावणीत ही रक्कम जमेच्या बाजूला पडली. समाजाच्या खात्यावर मात्र कायमची बुडीत गेली.

ही गळती थांबविण्यासाठी फेब्रुवारी 1964 मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. पी. के. नायर यांनी 1991 मध्ये निवृत्त होईपर्यंत अथक चिकाटीने तेथे रिळे जमविली. फाळक्यांचा ‘कालिया मर्दन’ (1919) त्यांच्यामुळेच हाती लागला. तरीही 8 जानेवारी 2003 रोजी पुण्यातील चित्रपट संस्थेच्या आवारात, म्हणजे पूर्वीच्या ‘प्रभात’च्या वास्तूत, नायट्रेट फितींच्या कोठाराला आग लागली आणि असंख्य मूळ रिळे भस्मसात झाली. ज्या चित्रपटांच्या प्रती सुरक्षित फितीवर आधीच काढलेल्या होत्या, तेवढे वाचले.

पुढे 2014 मध्ये केंद्र शासनाने सुमारे 597 कोटी रुपयांचे राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियान मंजूर केले. हे काम किती किचकट आहे, ते साध्या हिशेबाने कळते. सेकंदाला 24 फ्रेम धरल्यास सुमारे 130 मिनिटांच्या ‘संत तुकाराम’मध्ये (1936) एक लाख 87 हजारांहून अधिक फ्रेम येतात. फीत स्वच्छ करून, फाटलेले भाग जोडून, प्रत्येक फ्रेमचे स्कॅनिंग करावे लागते. संगणकीय प्रतही अमर नसते; डिस्क बिघडतात, पद्धती कालबाह्य होतात, म्हणून काही वर्षांनी पुन्हा नक्कल करावी लागते आणि मूळ फीतही थंड, कोरड्या जागी सांभाळावी लागते. जैन समाजाला ही रीत नवी नाही. मूडबिद्रीच्या ताडपत्रांवरील ‘धवला’ टीकेच्या नकला झाल्या, 1939 पासून डॉ. हीरालाल जैन यांच्या संपादनाखाली ती अमरावतीहून छापली गेली, म्हणून कोणी ताडपत्रे टाकून दिली नाहीत.

गडचांदूर परिसरात चित्रपटांची कोठारे नसली, तरी प्रवचने, दीक्षा सोहळे व विवाह यांच्या व्हीएचएस कॅसेटी घरोघरच्या कपाटांत पडून आहेत. चंद्रपूर जिल्ह्याचा 45 अंशांपलीकडे जाणारा उन्हाळा आणि जंगलपट्ट्यातील पावसाळी ओल ही दोन्ही त्यांना घातक. बुरशी धरलेली कॅसेट यंत्रात घातली, तर तीच बुरशी यंत्रामार्फत पुढच्या कॅसेटीला लागते. त्यातच व्हीसीआर बनविणाऱ्या जगातील अखेरच्या कंपनीने, जपानच्या फुनाईने, जुलै 2016 मध्ये उत्पादन थांबविले. तेव्हापासून चालू स्थितीतील यंत्रांची संख्या घटतच आहे. फीत शाबूत असली, तरी ती चालविणारे यंत्रच मिळेनासे होत आहे.