ब्रशखाली वाहावा, भिंतीवर थांबावा

रंगाऱ्याची मागणी साधी असते: ब्रशखाली रंग सुटा वाहावा, ब्रश उचलला की जागच्या जागी थांबावा. आमच्या रंगाच्या कारखान्यात माझी उमेदीची वर्षं या एका मागणीपायी गेली. बॅच पातळ झाली की ओघळ, घट्ट झाली की ब्रशच्या रेघा.

द्रवात कण मिसळले की त्याचा दाटपणा किती वाढतो, याचं सूत्र आइन्स्टाइनने 1906 मध्ये मांडलं. पॅरिसमध्ये भौतिकशास्त्रज्ञ पेरँच्या प्रयोगशाळेत बान्सलँने गँबोजच्या, म्हणजे चित्रकारांच्या पिवळ्या रंगातल्या राळेच्या, कणांवर ते पडताळलं तर मेळ बसेना. आइन्स्टाइनने आपला सहकारी हॉप्फ याच्याकडून गणित तपासून घेतलं, चूक सापडली आणि 1911 मध्ये सूत्रातला 2.5 हा गुणक पक्का झाला. रंगाने आइन्स्टाइनला पेचात पकडलं, याचा आम्हा रंगवाल्यांना अभिमान का नसावा?

पण ते सूत्र विरळ मिश्रणाचं. डब्यातल्या कणांच्या गर्दीचा विचार केला अमेरिकेतल्या रसायनशास्त्रज्ञ बिंगहॅमने. 1919 मध्ये त्याने आणि हेन्री ग्रीनने ठणकावून सांगितलं की रंग हा साधा द्रव नव्हेच. ठरावीक जोर लागेपर्यंत तो हलतच नाही. आमचे रंगारी हे ब्रशच्या पहिल्या फटक्यात ओळखत.

दुसऱ्या महायुद्धानंतर इमल्शन रंग आले आणि गंमत वाढली. कडक गोल कण कसेही भरले तर साधारण 64 टक्के जागा व्यापून अडकतात. इमल्शन रंगातल्या लेटेक्सचा मऊ कण मात्र शेजाऱ्याला चेपतो, स्वतःही चेपला जातो. पाणी उडालं की त्या चेपण्यातूनच भिंतीवर सलग पापुद्रा बनतो. रंग दाट करायला आम्ही एक ॲक्रिलिक इमल्शन वापरायचो. पिंपातून येताना दुधासारखं पातळ. ढवळत ढवळत अमोनिया सोडला की त्यातले कण पाणी पिऊन फुगत, एकमेकांना भिडत आणि बघता बघता ढवळणीची मोटर कण्हू लागे. वजनात भर जवळपास शून्य. कणांनी फक्त जागा अडवलेली. तरी ब्रशच्या जोरासरशी तेच कण चेपून एकमेकांशेजारून सटकत आणि जोर संपला की पुन्हा अडकत.

आमच्या प्रयोगशाळेतला दाटपणा मोजणारा स्टॉर्मर व्हिस्कोमीटर हे सगळं एका आकड्यात गुंडाळायचा. तो एकाच वेगाने ढवळून मोजणार. उभ्या भिंतीवर थांबलेल्या रंगाचं त्याला काय कळणार? आकडा तोच असूनही एक बॅच टिकायची, दुसरी ओघळायची. मग आम्ही रंगाऱ्याला बोलवायचो. तो उभ्या पत्र्यावर एक हात मारायचा, बिडी संपेपर्यंत बघायचा आणि बॅच पास की नापास ते सांगायचा.