शेतकऱ्यांनीं निवडलेला सम्राट



१८४८ सालच्या एप्रिल महिन्याची २३ तारीख, ईस्टरचा रविवार. फ्रान्समधील नॉर्मंडी प्रांतांतल्या तॉकव्हील नांवाच्या खेड्यांतून सुमारें पावणेदोनशें पुरुष दोघादोघांच्या रांगेनें, नांवांच्या अक्षरानुक्रमानें, शेजारच्या गांवीं चालले होते. राष्ट्राच्या विधिमंडळासाठीं मत देण्याची त्यांतील बहुतेकांची ही पहिलीच वेळ. त्या रांगेंत गांवचे जमीनदार आणि थोर राज्यशास्त्रज्ञ अलेक्सी द तॉकव्हील हेही आपल्या अक्षराच्या जागीं चालत होते. वाटेंत एका उंचवट्यावर उभें राहून त्यांनीं सर्वांस बजावलें कीं, मत देऊन होईपर्यंत कोणीं रांग सोडूं नये. पावसानें भिजलेलें अंग वाळविण्यासाठींसुद्धां कोणाच्या घरांत शिरूं नये. स्वतः उमेदवार असलेल्या या गृहस्थांनीं आपल्या आठवणींत पुढें नमूद केलें आहे कीं, बहुतेक सारीं मतें एकाच उमेदवारास पडलीं असावीं. तो उमेदवार कोण, हें त्यांनीं सांगितलें नाहीं. सांगण्याची गरजही नव्हती.

फेब्रुवारींत राजा लुई फिलिप याला पळवून लावून पॅरिसमध्यें प्रजासत्ताक स्थापन झालें होतें. तोंपर्यंत वर्षाला २०० फ्रँक प्रत्यक्ष कर भरणाऱ्या सुमारें अडीच लक्ष पुरुषांनाच मताधिकार होता. नव्या सरकारनें एका फर्मानासरशीं तो नव्वद लक्षांहून अधिक पुरुषांना दिला. स्त्रियांना मात्र त्यासाठीं १९४४ पर्यंत वाट पाहावी लागली. ज्या प्रजासत्ताकानें शेतकऱ्याच्या हातीं मतपत्रिका दिली, त्याचा तो कैवारी होईल, असें कोणालाही वाटेल. परंतु डिसेंबरांत अध्यक्षाची निवडणूक झाली, तेव्हां दिल्या गेलेल्या सुमारें ७४ लक्ष मतांपैकीं ५४ लक्ष मतें लुई नेपोलियन बोनापार्त यास मिळालीं. आणि त्यांतील मोठा वांटा खेड्यांचा होता.

हा मनुष्य कोण? थोरल्या नेपोलियनचा पुतण्या. आयुष्याचा बहुतेक काळ परदेशांत गेलेला, दोन बंडें फसलेला, आणि १८४६ सालीं मजुराचा वेष करून, खांद्यावर फळी टाकून हामच्या किल्ल्यांतील कैदेंतून निसटलेला. प्रजासत्ताकावर त्याची निष्ठा होती असें मानावयास कांहीं आधार नव्हता. त्याच्या चुलत्याच्या युद्धांत याच खेड्यांतले तरुण लाखांनीं मेले होते. राज्यक्रांतीनें रद्द केलेला मिठावरील कर १८०६ सालीं पुन्हां बसविला तोही चुलत्यानेंच. मग शेतकऱ्यानें आपल्याच पायावर धोंडा कां पाडून घेतला?

शहरांतील सुशिक्षितांनीं निदान केलें: खेडूत अडाणी आहे. हें निदान सोपें होतें; म्हणूनच तें पुरतें तपासलें गेलें नाहीं.

मताधिकाराचें फर्मान ५ मार्चचें. त्याच महिन्यांत रिकामी तिजोरी भरण्यासाठीं सरकारनें प्रत्यक्ष करांवर दर फ्रँकामागें ४५ सांतीम, म्हणजे जवळजवळ निम्मा, जादा आकार बसविला. एका हातानें मतपत्रिका, दुसऱ्या हातानें वसुलीचा कागद! हा पैसा पॅरिसच्या बेकारांसाठीं काढलेल्या कर्मशाळांवर उधळला जातो, अशी समजूत गांवोगांव पसरली. जेथें लोकांनीं कर नाकारला, तेथें शिपाई धाडले गेले. तेव्हां डिसेंबरांत शेतकऱ्यानें प्रजासत्ताकाविरुद्ध मत दिलें तें आपला खिसा विसरून दिलें नाहीं. खिशाला लागलेली झळ आठवूनच दिलें. चुकलें तें एवढेंच कीं, कर बसविणाऱ्यास शिक्षा करण्याच्या भरांत, ती ज्याच्या हातून करवावयाची त्याची पारख त्यानें केली नाहीं.

दुसरें कारण स्मृतीचें. एपिनाल गांवच्या छापखान्यांतून निघालेलीं नेपोलियनचीं रंगीत चित्रें शेतकऱ्याच्या भिंतीवर टांगलेलीं असत. राज्यक्रांतींत विकत घेतलेली जमीन त्याच्या अमलांत निर्वेध राहिली, हें आजोबा नातवाला सांगत. तीस-पस्तीस वर्षांत त्या आठवणींतून रणांगणावरील प्रेतें गळून पडलीं आणि वैभव तेवढें उरलें. शिवाय, मतपत्रिकेवरील हें एकच नांव त्याच्या ओळखीचें होतें. प्रजासत्ताकाची घोषणा करणारा थोर कवि लामार्तीन याच निवडणुकींत उभा होता. त्यास साऱ्या देशांतून अठरा हजारांच्या आसपास मतें पडलीं!

आणि शहाण्यांचें काय? थिएरसारख्या मुरलेल्या मुत्सद्द्यांनींही याच लुई नेपोलियनला पाठिंबा दिला होता. हा बाहुला आपण हवा तसा नाचवूं, असा त्यांचा होरा. शेतकऱ्याची चूक झाली असेल, तर ती त्यानें एकट्यानें केली नाहीं.

परंतु या कथेंतील खरी शोकांतिका पुढेंच आहे. १८४९ च्या डिसेंबरांत, म्हणजे निवडणुकीला वर्ष होतें न होतें तोंच, रद्द ठरविलेला दारूवरील कर विधिमंडळानें कायम केला. द्राक्षमळेवाला शेतकरी चपापला. त्याआधींच, मे महिन्याच्या निवडणुकींत, मध्य व आग्नेय फ्रान्सच्या कित्येक खेड्यांनीं जहाल प्रजासत्ताकवाद्यांस निवडून दिलें होतें. म्हणजे मतदार शिकत होता. हिशेब चुकला तर तो पुसून पुन्हां मांडतां येतो, हें त्यास उमगूं लागलें होतें.

नेमक्या त्याच वेळीं प्रतिष्ठितांचा धीर सुटला. ३१ मे १८५० च्या कायद्यानें, एकाच ठिकाणीं तीन वर्षें वास्तव्य असल्याचें करवहीवरून सिद्ध न करूं शकणारांचा मताधिकार काढून घेण्यांत आला. सुमारें तीस लक्ष नांवें यादींतून उडालीं. त्यांत पोटासाठीं गांवोगांव फिरणारे मजूर फार. या कायद्याच्या बाजूनें बोलतांना थिएरनें या लोकांचा उल्लेख हीन जमाव असा केला.

लुई नेपोलियनला आयतेंच शस्त्र मिळालें. २ डिसेंबर १८५१ रोजीं त्यानें सैन्याच्या बळावर विधिमंडळ बरखास्त केलें, आणि त्याच सकाळीं पॅरिसच्या भिंतींवर लागलेल्या जाहीरनाम्यांत सार्वत्रिक मताधिकार परत दिल्याचें जाहीर केलें! ज्या सभेनें आपला अधिकार हिरावून घेतला, तिच्या रक्षणासाठीं पॅरिसच्या कामगारांनीं कां मरावें? थोडेसेच पुढें आले. उलट, दक्षिणेकडील कित्येक खेड्यांतील शेतकरी प्रजासत्ताकासाठीं हत्यारें घेऊन उठले; सव्वीस हजारांहून अधिक लोकांवर खटले झाले आणि हजारोंना अल्जीरियांत हद्दपार करण्याच्या शिक्षा ठोठावल्या गेल्या. नंतर, धाकदपटशाच्या छायेंत, सुमारें ७४ लक्ष लोकांनीं या कृत्यास होकार दिला. एका वर्षांत अध्यक्षाचा सम्राट झाला. १८७० सालीं सेदानच्या रणांगणावर तो शत्रूच्या हातीं सांपडला, तेव्हांच ही कथा संपली. आणि तिची किंमत आल्सास, लोरेनचा भाग व पांच अब्ज फ्रँक खंडणी या रूपानें साऱ्या राष्ट्रानें मोजली.

मनुष्य आपल्या हिताविरुद्ध मत देतो, असें आपण म्हणतों, तेव्हां त्याचें हित आपण बाहेरून मोजलेलें असतें. त्याच्या मापांत कराच्या आंकड्याबरोबर जुना अपमान असतो, भीति असते, भिंतीवरचें एखादें चित्रही असतें. तें माप कधीं कधीं चुकतें, आणि त्याचा दंड त्यालाच भरावा लागतो. पण फ्रान्सच्या शेतकऱ्याची चूक सुधारण्याच्या वाटेवर होती. ती वाट अडविली ती त्याला अडाणी म्हणणाऱ्यांनीं.

१८७७ सालीं पुन्हां एकदां प्रजासत्ताक पणाला लागलें. अध्यक्ष मॅकमेहॉन यांनीं विधिमंडळ विसर्जित केलें आणि अधिकाऱ्यांनीं खेड्याखेड्यांतून दडपण आणलें. तरीही बहुमत प्रजासत्ताकवाद्यांसच मिळालें, आणि खेड्यांच्या मतांवांचून तें मिळणें शक्य नव्हतें. सम्राट निवडणाऱ्या शेतकऱ्यांच्या मुलांनीं या खेपेस प्रजासत्ताक राखलें. मताचा अधिकार त्यांच्या हातांत शिल्लक होता, म्हणून राखलें.