मनोविकारावरील औषधें आणि मेंदूची घडण

मनाच्या आजारावरील गोळ्या घेतल्यानें मेंदू वाळतो, अशी समजूत बारामती व इंदापूर या तालुक्यांत आम्हीं अनेकांच्या तोंडून ऐकिली आहे. ती ऐकून हंसूं नये. हंसण्याचा परिणाम एवढाच होतो कीं, घरचीं माणसें डॉक्टरांशीं बोलणें टाळतात आणि रोगी कोणास न सांगतां गोळी सोडून देतो. शिवाय समजूत चुकीची असली तरी तिच्या मुळाशीं असलेला प्रश्न खरा आहे. औषधानें मेंदूची घडण बदलते काय, या प्रश्नानें विद्वानांचीही गेलीं पंचवीस वर्षें पुरेवाट केली आहे.

या औषधांच्या इतिहासांत इ. स. १९४९ हें वर्ष विलक्षण होय. त्या वर्षीं मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं सर्पगंधेचा रक्तदाबावरील गुण ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’ या नियतकालिकांत प्रसिद्ध केला. ही वनस्पति वेडावर व रक्तदाबावर उपयोगी आहे, असें बंगालच्या गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनीं १९३१ च्या सुमारासच लिहिलें होतें. परंतु पश्चिमेकडील डॉक्टरांचें लक्ष तिच्याकडे वेधलें तें वकिलांच्या लेखानें. १९५२ सालीं स्वित्झर्लंडांत तिच्या मुळांतून रेसर्पिन हें द्रव्य निराळें काढण्यांत आलें. रक्तदाबासाठीं तें फार दिवस घेणारे कांहीं रोगी खोल खिन्नतेंत बुडतात, असें १९५४ पासून डॉक्टर लिहूं लागले. या निरीक्षणाविषयीं पुढें पुष्कळ शंका निघाल्या; तथापि खिन्नतेचें कारण मेंदूंतील रसायनांत शोधण्याची प्रेरणा त्यांतून मिळाली.

त्याच १९४९ सालीं ऑस्ट्रेलियांतील जॉन केड यांनीं लिथियमच्या क्षारानें उन्मादाचे दहा रोगी शांत झाल्याचें प्रसिद्ध केलें. दैवाचा खेळ असा कीं, त्याच वर्षीं अमेरिकेंत मिठाऐवजीं लिथियम क्लोराइड वापरणाऱ्या हृदयरोग्यांना विषबाधा झाली, कांहीं दगावले, आणि तो पदार्थ बाजारांतून उठला. केड यांचा पहिला रोगीही पुढील वर्षीं विषबाधेनेंच गेला. डेन्मार्कचे मॉगेन्स शू यांनीं १९५४ पासून चिकाटीनें प्रयोग केले नसते, तर हें औषध बहुधा विस्मृतींत गेलें असतें.

मेंदूच्या घडणीचा प्रश्न मात्र चुंबकीय प्रतिमा काढतां येऊं लागल्यावरच हातीं आला. २००० सालीं ‘लॅन्सेट’मध्यें अमेरिकेंतील एक छोटा अभ्यास आला. दहा रोग्यांना चार आठवडे लिथियम दिलें असतां आठांच्या मेंदूंतील करडा भाग सरासरीनें सुमारें तीन टक्के वाढलेला दिसला. वाळणें दूरच, येथें तर वाढ! पण ही वाढ पेशींची कीं पाण्याची, कीं लिथियममुळें प्रतिमाच निराळी उमटते, अशा शंका रास्तपणें घेण्यांत आल्या. २०१८ सालीं अनेक देशांच्या संशोधकांनीं साडेसहा हजार माणसांच्या प्रतिमा एकत्र तपासल्या. त्यांत सुमारें २,४५० जणांस उन्माद-खिन्नतेचा विकार होता. या रोग्यांच्या मेंदूचें बाह्यांग निरोग्यांपेक्षां पातळ होतें; लिथियम घेणाऱ्यांचें त्यांतल्या त्यांत जाड, तर अपस्माराचीं औषधें घेणाऱ्यांचें अधिक पातळ आढळलें. म्हणजे पातळपणाचा सगळा दोष गोळीवर घालतां येत नाहीं, रोगाचाही त्यांत हात असावा. उलट, सर्वच गोळ्या निर्दोष आहेत असेंही आम्ही म्हणत नाहीं. २००५ सालच्या एका प्रयोगांत हॅलोपेरिडॉल किंवा ओलान्झापिन दीर्घकाळ दिलेल्या माकडांचे मेंदू आठ ते अकरा टक्के हलके भरले. आणि ओलान्झापिन उन्मादावरही देतात. खिन्नतेवरील औषधांची गोष्ट पुनः निराळी. त्यांच्यायोगें उंदरांच्या मेंदूच्या एका भागांत नव्या पेशी अधिक निपजतात. या क्षेत्रांत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत विदिता वैद्य यांनीं महत्त्वाचें काम केलें आहे.

इतकें पाहिल्यावर इंदापूरच्या उन्हाकडे वळणें प्राप्त आहे, कारण लिथियमचा मेंदूला खरा घात होतो तो तेथेंच संभवतो. रक्तांत लिथियम साधारणपणें लिटरमागें ०.६ ते १.० मिलिमोल असावें लागतें. गुण व विष यांतील अंतर इतकें थोडें. घामावाटे शरीरांतील मीठ व पाणी गेलें, कीं मूत्रपिंडें लिथियमही मिठाप्रमाणें धरून ठेवतात. नीरेच्या कालव्याखालीं उसाच्या फडांत दिवसभर राबणारा, किंवा इंदापूरच्या कोरडवाहू भागांत वैशाखांत विहीर खणणारा रोगी तीच गोळी घेत असतां विषाच्या सीमेवर येऊं शकतो. जुलाब-वांत्या, रक्तदाबासाठीं केलेलें आळणी जेवण, अंगदुखीवर दुकानांतून आणलेली आयबुप्रोफेनसारखी गोळी, हींही त्याच वाटेनें नेतात. विषबाधा तीव्र झाल्यास लघुमेंदूंतील पेशी मरतात, आणि औषध बंद केल्यावरही चाल व वाणी कायमची अडखळती राहूं शकते. यावर भीतीनें गोळी एकदम टाकणें हा उपाय नव्हे. तसें केल्यास उन्माद उलटून येण्याचा संभव मोठा असतो.

येरवड्याचें मनोरुग्णालय बारामतीहून शंभर किलोमीटरांच्या आसपास, इंदापुराहून त्याहून दूर. म्हणून पहिलीं लक्षणें ओळखावयाचीं तीं घरच्यांनींच. हात जोरानें कांपूं लागतात, पाय लटपटतात, जीभ जड होते. कामावरून परतलेला असा मनुष्य प्यालेला आहे असें समजून त्यास निजवून ठेवण्याचा प्रमाद सहज घडतो. वस्तुतः ती वेळ पुढची गोळी थांबवून त्याच रात्रीं त्यास रुग्णालयांत नेण्याची व रक्त तपासण्याची असते.